वाफेच्या इंजिनांच्या वारसासफरी (ब्रिटन)

नेहमीच्या वाहतुकीतून बाद झालेली वाफेची इंजिने जोडून पर्यटक व रेल्वेप्रेमी यांच्यासाठी काढल्या जाणाऱ्या खास गाड्या. जतन केलेल्या छोट्या लोहमार्गांप्रमाणे त्या राष्ट्रीय जाळ्याच्या मुख्य मार्गांवरही धावतात. मार्गालगत उभे राहून त्यांचे चित्रण व ध्वनिमुद्रण करणाऱ्या हौशी मंडळींचाही या नोंदीत समावेश केला आहे.

इतिहास : वेल्समधील टॅलिलिन हा स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेला पहिला लोहमार्ग (१९५१). अमेरिकी चित्रपटकार कार्सन डेव्हिडसन याने १९५३ मध्ये त्याचे रंगीत चित्रण केले. ब्रिटिश रेल्वेच्या प्रमाण रुंदीच्या मार्गांवरील वाफेची प्रवासी वाहतूक ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूल–कार्लाइल निरोपगाडीने संपली. तिचे भाडे १५ गिनी होते. मँचेस्टर ते कार्लाइल या टप्प्यात ती ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’ इंजिनाने ओढली. त्यानंतर मुख्य मार्गांवर वाफेच्या इंजिनांना बंदी झाली. अपवाद ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ (१९२३) या इंजिनाचा; ॲलन पेग्लर यांनी ते १९६३ मध्ये विकत घेतले, तेव्हाच ते चालवण्याची मुभा करारात मिळवली होती. ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘किंग जॉर्ज पाचवा’ इंजिनाच्या फेरीने बंदी सैल झाली. फोर्ट विल्यम–मॅलेग (६६ किमी) या स्कॉटिश मार्गावरील उन्हाळी गाडी १९८४ पासून चालते. २१ कमानींच्या ग्लेनफिनन पुलामुळे व हॅरी पॉटर चित्रपटांमुळे ती जगभर ठाऊक झाली.

चित्रण : चित्रणासाठी चढाची जागा निवडतात, कारण चढावर इंजिनाला पूर्ण जोर लावावा लागतो. शॅप व एस गिल हे चढ त्यासाठी प्रसिद्ध आहेत. थंड, दमट हवेत बाहेर पडणाऱ्या वाफेचे लगेच जलकण बनून दाट पांढरा लोट होतो, त्यामुळे हिवाळी सफरींना पसंती असते. वारा लोट चित्रकाच्या बाजूला ढकलणार असेल, तर गाडीच धुरात झाकली जाते. सफरीच्या शेपटाला डिझेल इंजिन जोडले, की जाणकार नाराज होतात. डिझेलने ढकलल्यास पुढच्या इंजिनाचे श्रम कमी होतात व ते आवाजातही कळते.

ध्वनिमुद्रण : चित्रांच्या मानाने याची दखल कमी घेतली जाते, हे अन्यायाचे आहे. संग्रहालयात उभे असलेले इंजिन आकार व रंग दाखवते. ते काम कसे करत होते, हे आवाजच सांगतो. दोन सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात चालकचाकाच्या एका फेरीत चार फुत्कार ऐकू येतात, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’सारख्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात सहा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या चालकचाकाचा व्यास सुमारे २.०३ मी.; म्हणजे ताशी २० किमी वेगाला सेकंदाला साधारण पाच फुत्कार. चाके घसरली, तर फुत्कार एकदम दाटतात. झडपांची वेळ चुकलेली असेल, तर ताल लंगडतो. चांगल्या मुद्रणावरून वेग, चढ आणि इंजिनाची तब्येत तिन्ही ताडता येतात.

या क्षेत्रातील अग्रणी पीटर हँडफर्ड (१९१९–२००७) हे चित्रपटांचे ध्वनिमुद्रक. ‘आउट ऑफ आफ्रिका’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. १९५० च्या दशकापासून त्यांनी ‘ट्रान्साकॉर्ड’ या नावाने रेल्वेध्वनींच्या तबकड्या काढल्या. वाफेची इंजिने रोजच्या कामावर असतानाचे हे मुद्रण असल्याने त्याचे मोल आजच्या सफरींच्या मुद्रणाहून अधिक आहे. चित्रणात त्याच तोडीचे काम आयव्हो पीटर्स यांचे. १९६६ मध्ये बंद झालेला सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्ग त्यांच्या फितींत सुरक्षित आहे.

सुरक्षा व वाद : २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दुरुस्तीनंतरच्या लंडन–यॉर्क फेरीत ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला वाटेत थांबावे लागले, कारण लोक रुळांलगत शिरले होते. जुन्या डब्यांच्या दारांना एकत्रित कुलूपयंत्रणा बसवण्यावरून नियामक व एका चालक कंपनीत वाद झाला. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सक्तीच्या खर्चाविषयी मतभेद आहेत.

इंधन : दक्षिण वेल्समधील फॉस-इ-फ्रॅन खाण २०२३ मध्ये बंद झाल्यापासून या गाड्यांची भिस्त आयात कोळशावर आहे.

भारत : भारतातही असा वारसा जपला आहे : दार्जिलिंग हिमालयन रेल्वे (१८८१, जागतिक वारसा १९९९); ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन (१८५५), ज्याच्या दिल्ली–अलवर सफरी १९९७ मध्ये सुरू झाल्या; रेवाडी येथील वाफ-इंजिन शेड.