दीडचाच तर फरक!



अनंत चतुर्दशी आली की सासूबाईंना १९९३ साल आठवतं. दशलक्षण पर्वाचा शेवटचा उपवास करून, सकाळच्या पारण्याची तयारी ठेवून त्या झोपल्या होत्या. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास सोलापुरातल्या आमच्या घरी मांडणीवरची भांडी खणखणली. उजाडल्यावर किल्लारीचं कळलं.

यंदा त्या हे सांगत असताना लेक म्हणाली, "आजी, किल्लारी ६.२ आणि भूज ७.७. दीडचाच तर फरक!" सासूबाई गप्प झाल्या.

मी कणीक मळत होते. गोळ्याचे दोन भाग केले, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. म्हटलं, "किती वेळा अर्धं केलं?" "पाच." आपल्या शास्त्रात यालाच अर्धच्छेद म्हणतात. बत्तीसचे अर्धच्छेद पाच, चौसष्टचे सहा. संख्या दुप्पट झाली, अर्धच्छेद मात्र एकानेच वाढला. नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरच्या धवला टीकेत हे गणित मांडलं. दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते, हा नियमही त्यात आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपलेली ही धवला १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीतून छापायला सुरुवात केली.

ताऱ्यांचंही असंच. टॉलेमीने दुसऱ्या शतकातल्या आपल्या यादीत सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे मानले. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसनने त्याला हिशोब दिला: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. हाच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आला. खगोलशास्त्रातला हा 'मॅग्निट्यूड' शब्द कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टरने १९३५ मध्ये भूकंपासाठी घेतला. ताऱ्यांत आकडा वाढला की तेज कमी होतं, भूकंपात मात्र जोर वाढतो. एका आकड्याने कंपनाची लाट दहापट होते आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट. म्हणजे कणकेचे आपले पाच अर्धच्छेद! रिश्टरने हे धवलेतून घेतलं असं मात्र कुणी सांगू नका. मोठ्या संख्या हाताळायची गरज दोघांनाही होती, इतकंच.

तेव्हा भूजची ऊर्जा किल्लारीच्या शंभरपटीहून जास्त. मग मृत्यू? भूजला सुमारे वीस हजार, किल्लारीला आठ-दहा हजारांच्या घरात. भूकंप जमिनीत फार खोल नव्हता, घरांच्या भिंती दगडमातीच्या जाडजूड, आणि विसर्जन आटोपून माणसं झोपेत. आकडा जमिनीतून सुटलेला जोर सांगतो. कुणाच्या डोक्यावर कसली भिंत होती, हे त्याला ठाऊक नसतं.

लेकीने आजीचा हात धरला. "मग तुम्ही पारणं केलंत?"

"कुठलं गं! पारण्याचं सगळं बांधून दिलं. गल्लीतल्या बायका दिवसभर पोळ्या लाटत होतो. टेम्पो भरून गेला."

"किती पोळ्या?"

"मोजल्या नाहीत बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि बत्तीस गोळ्यांतला एक लाटायला घेतला.