खरकट्यावर चालणारा बायोगॅस

बायोगॅस म्हणजे शेण-खरकटं बंद टाकीत, हवेशिवाय कुजताना निघणारा, मुख्यतः मिथेन असलेला वायू. हे तंत्र सरहद्दी ओलांडतच वाढलं. चीनच्या पक्क्या घुमटावरून १९७८ साली आपल्याकडे 'जनता' मॉडेल आलं. नाशिक महापालिकेचा प्रकल्प जर्मनीच्या मदतीनं उभा राहिला. तिथे हॉटेलचं खरकटं आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवतात. पुण्याच्या आरती संस्थेची खरकट्यावरची घरगुती टाकी टांझानियापर्यंत गेली. २००६ मध्ये तिला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कारही मिळाला.

आमच्या हेंद्रेपाड्यात गोठे कमी, इमारती जास्त. म्हणून शेणाची वाट बघण्यापेक्षा सोसायटीला हीच टाकी बरी. फक्त दावतीचं उरलेलं एकदम ओतू नका. टाकी आंबट होते अन् गॅस बंद पडतो.