थरथरत्या पात्याची कुळकथा

बंगळुरूच्या इंदिरानगर, कोरमंगला अशा वस्त्यांत मातीकामाचे स्टुडिओ आता चांगलेच रुळले आहेत. सुट्टीच्या सकाळी एप्रन बांधून विजेच्या चाकावर बसलेली मंडळी बरीचशी संगणकाच्या धंद्यातली असतात. सुरुवातीला वाडगा नुसता उभा राहिला तरी पुरे असतं. तो जमू लागला की नक्षीचा नंबर लागतो आणि एका प्रकाराचा मोह बहुतेकांना पडतोच: वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर बुडापासून काठापर्यंत बारीक खाचांची वर्तुळांमागून वर्तुळं. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी बसून शेकडो खाचा एकेक करून कोरल्या असतील. प्रत्यक्षात काम मिनिटभराचं असतं. स्टुडिओत याला ‘चॅटरिंग’ म्हणतात.

चाकावर काढलेला वाडगा दोऱ्याने कापून घेतला की तो आंबटओला होईपर्यंत बाजूला ठेवायचा. मग पुन्हा चाकावर पालथा घालून, अगदी मधोमध बसवून, मातीच्या गोळ्यांनी पक्का करायचा आणि बुडाची जादा माती तासून त्याला बैठक द्यायची. नक्षी याच वेळी काढतात. लवचीक पोलादाची पातळ पट्टी टोकाशी वाकवलेली असते; जपानात त्यासाठी जुन्या घड्याळाची स्प्रिंगसुद्धा वापरतात. ही पट्टी फिरत्या वाडग्याला हलकेच टेकवायची. घट्ट धरली तर नुसती माती सोलली जाते. सैल धरली की पातं रुततं, फिरती माती त्याला ओढते, पातं वाकतं, सुटतं आणि उडी मारून पुन्हा रुततं. शाळेत फळ्यावर खडू ठरावीक कोनात धरून ढकलला की आपोआप टिंबांची रेघ उमटायची, तोच हा प्रकार. माती ओली असली तर पातं चिकटतं, फार सुकली असली तर भुगा पडतो. आधी पांढऱ्या मातीचा पातळ हात दिलेला असेल तर प्रत्येक खाचेतून खालची लाल माती डोकावते आणि वाडगा खुलतो.

ही युक्ती आली कुठून, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं: जपानहून. ते बरोबरच आहे. क्युशू बेटावरच्या डोंगरात ओंता नावाचं कुंभारांचं छोटं गाव आहे. तिथल्या भट्ट्या 1705 पासूनच्या, आणि माती कुटायला अजूनही ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी मुसळं. पात्याच्या उड्यांच्या या नक्षीला तिथे ‘तोबी-कान्ना’ म्हणतात. ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच 1954 साली तिथे जाऊन राहिला आणि ओंताचं नाव जगभरच्या स्टुडिओंत पोचलं. नक्षी मात्र ओंताची मक्तेदारी नव्हे. चीनच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या भांड्यांवरही ती आहे.

भारतात स्टुडिओ-मातीकामाचा संसार मांडणाऱ्यांचे धागेही याच मंडळींशी जुळतात. सरदार गुरुचरण सिंग 1919 साली जपानला शिकायला गेले आणि तिथे त्यांची लीच आणि जपानी कुंभार हमादा यांच्याशी ओळख झाली. पुढे 1952 मध्ये त्यांनी ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ सुरू केली. दक्षिणेत 1971 साली पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ उभी केली. डेबोरा जपानच्या बिझेन गावात शिकलेल्या. या एका आवारातून आजच्या भारतीय स्टुडिओ-कुंभारांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. बंगळुरूहून पाँडिचेरी सुमारे तीनशे किलोमीटर, त्यामुळे इथल्या शिकवणाऱ्यांना तो घराचाच रस्ता.

ओंता, लीच, पाँडिचेरी, बंगळुरू. वंशावळ झाली पुरी, असं वाटतं. पण पाँडिचेरीला पोचल्यावर थोडं दक्षिणेकडे जावं लागतं. शहरापासून चारेक किलोमीटरवर नदीकाठी अरिकमेडू आहे.

1944 साली मॉर्टिमर व्हीलर हा करारी ब्रिटिश लष्करी अधिकारी भारताच्या पुरातत्त्व खात्याचा महासंचालक झाला. मद्रासच्या संग्रहालयातल्या एका कपाटात त्याला रोमन मद्यकुंभाचा तुकडा दिसला. कुठला, असं विचारलं तर उत्तर आलं पाँडिचेरीजवळचा. पुढच्याच वर्षी त्याने अरिकमेडूला खणायला घेतलं. तिथे इटलीतल्या आरेझो गावची, शिक्के मारलेली लाल झिलईची खापरं निघाली. त्यांचा काळ युरोपात पक्का ठरलेला होता: इसवी सनाचं पहिलं शतक, त्याचा पूर्वार्ध. आणि त्यांच्याच सोबत एक पसरट, पातळ, काळसर परळ सापडत होतं. काठ आत वळलेला, भाजणी अशी की टिचकी मारली तर धातूसारखी वाजावी, आणि आतल्या तळावर बारीक खाचांची एकात एक वर्तुळं. इंग्रजी अहवालांत त्याला ‘रूलेटेड वेअर’ हे नाव पडलं.

या नक्षीदार परळाने पुढे जे काम केलं ते भल्याभल्या शिलालेखांना जमलं नव्हतं. 1947 साली व्हीलरने चित्रदुर्ग जिल्ह्यातली ब्रह्मगिरी आणि चंद्रवल्ली ही दोन ठिकाणं खणली. ब्रह्मगिरीला अशोकाचा शिलालेख आहे. चंद्रवल्लीला म्हैसूर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे डॉ. एम. एच. कृष्ण यांनी आधीच खोदकाम केलं होतं. सातवाहनांची आणि रोमन नाणी त्या परिसरात सापडलेली होती. चित्रदुर्ग भागातल्या शिशाच्या नाण्यांवर ‘महारठी’ ही पदवी आहे, म्हणजे मराठी वाचकालाही तिथे फार परकं वाटायला नको. या दोन्ही ठिकाणी तेच नक्षीचं परळ निघालं. अरिकमेडूला त्याचा काळ ठरलेला, म्हणून इथल्या थराचा काळ ठरला. त्या थराखाली महापाषाणी दफनांची काळी-तांबडी भांडी, त्याखाली दगडी कुऱ्हाडींची वस्ती. दक्षिण भारताच्या इतिहासपूर्व काळाला पहिल्यांदा तारखांची पायरी मिळाली ती अशी, एका ताटलीच्या तळावरच्या खाचांमुळे. पुढे या तारखा मागेपुढे झाल्या, श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या उत्खननानंतर तर हे परळ इसवी सनापूर्वीच्या शतकांत गेलं. पण पायरी व्हीलरचीच.

परळ कुणाचं, याबद्दल मात्र व्हीलरचा अंदाज त्याच्या काळाला साजेसा होता. एवढी नेटकी नक्षी म्हणजे तिची रीत भूमध्य समुद्राकडूनच आली असणार. या मताला जबर धक्का दिला पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विश्वास गोगटे यांनी. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या खापरांची क्ष-किरणांनी तपासणी केली, मातीतली खनिजं ताडून पाहिली आणि 1997 मध्ये निष्कर्ष मांडला: ही माती बंगालची, चंद्रकेतुगड–तामलुक भागातली. नंतरच्या रासायनिक तपासण्यांतही निरनिराळ्या देशांतली खापरं एकाच प्रकारच्या मातीची निघाली, आणि ती भारतातलीच. मग लक्षात येतं की गंगेच्या मुखाकडे घडलेली ही भांडी जहाजांत भरून तमिळ किनाऱ्यावर, श्रीलंकेत, थेट बाली बेटापर्यंत जात होती. चंद्रवल्लीसारख्या आतल्या गावात ती पोचली ती व्यापारी मालाच्या वाटेने.

राहिला प्रश्न पात्याचा. या खाचा थरथरत्या पात्याने काढल्या, की दातेरी चकती दाबून फिरवली? अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. माती हातात घेणाऱ्याला फरक कळण्यासारखा आहे. चकतीने माती दबते आणि तिचा एक फेरा संपला की तेच दात त्याच क्रमाने पुन्हा उमटतात; पातं माती उचलून काढतं आणि त्याच्या खाचांतलं अंतर चाकाच्या वेगाबरोबर बदलतं. या भांड्यांवर त्रिकोण, चौकट, चंद्रकोर अशा ठसठशीत आकारांच्या ओळी आहेत, त्या चकतीच्याच वाटतात. नुसत्या तिरप्या, टोकदार खाचांच्या ओळीही आहेत, आणि त्या पाहून स्टुडिओतला कुणीही म्हणेल की हे पात्याचं काम. बहुधा दोन्ही हत्यारं चालत असावीत. कारखाना मोठा असला की हत्यारंही एकच नसतात.

म्हणजे ही विद्या आपलीच, जपानने ती आपल्याकडून घेतली, असा झेंडा कुणी लगेच उभारू नये. मधला धागा तुटलेला आहे, आणि तो का तुटला ते कुंभारवाड्यात दिसतं. बंगळुरू कॅन्टोन्मेंट स्टेशनजवळ ‘पॉटरी टाउन’ ही कुंभारांची जुनी वस्ती आहे. मेट्रोच्या एका स्थानकालाही तेच नाव मिळालं आहे. पणत्या, मडकी, कुंड्या, गणपती असा तिथला माल. दख्खनचा कुंभार मडकं चाकावर जाडच काढतो आणि मग आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ते वाढवतो, पातळ करतो. बूड गोल होतं, भिंत एकसारखी, आणि पाणी गार राहतं. पणती, परळ गोळ्याच्या टोकावरून दोऱ्याने कापलं की झालं. आंबटओलं भांडं चाकावर पुन्हा चढवून तासायचं काम या रीतीत नाहीच. तासणं नाही तिथे पातं थरथरणार कुठून? उत्तम कारागिरी आहे, फक्त तिचा रस्ता वेगळा. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी बोलणाऱ्या खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्था आहे, आणि 2018 पासून आयोग कुंभारांना विजेची चाकं देतो आहे. संथ आणि एकसारख्या वेगाचं चाक आता कुंभारवाड्यातही पोचतं आहे. बैठक तासायची सवय लागली तर पातं हातात यायला वेळ लागणार नाही.

माझं मत विचाराल तर या नक्षीचा जन्म एकदाच झालेला नाही. लवचीक धातू आणि अर्धवट सुकलेली फिरती माती जिथे भेटली तिथे ती होण्यासारखी होती: चीनमध्ये, बहुधा बंगालमध्ये, आणि कदाचित आणखी कुठे. बंगळुरूचा आजचा वाडगा ती ओंता-पाँडिचेरीच्या वाटेने शिकला, हे श्रेय जपानच्या पदरात घालायला हरकत नाही. पण शिकवणाऱ्यांनी एवढं करावं: तोबी-कान्ना सांगताना अरिकमेडू आणि चंद्रवल्लीचंही नाव घ्यावं. चित्रदुर्ग पुणे–बंगळुरू महामार्गावरच आहे आणि चंद्रवल्ली गावाला लागून. गाडीने जाणाऱ्याला तासाभराचा वेळ काढणं अवघड नाही.