चाकाची पकड

देवळीच्या काळ्या मातीत फसलेली बंडी ज्यांनी ढकलली असेल, त्यांना बर्फातल्या मोटारीचं दुखणं निराळं सांगायला नको. चाक फिरतं, गाडी हलत नाही. अमेरिकेत मोटारवाले अशा वेळी चाकांना दोर गुंडाळत. त्यावरून हॅरी वीड यांना साखळी सुचली आणि १९०४ साली तिचं पेटंट मिळालं.

आज राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोटार घेऊन हिवाळ्यात मनालीकडे जाणाऱ्यांनीही साखळी जवळ ठेवावी. इंजिन जी चाकं फिरवतं, त्यांना ती बांधायची. वेग कमी ठेवायचा. कोरडा रस्ता लागताच काढायची. चाकांचे कापडी मोजे चढवायला सोपे, पण लवकर झिजतात. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, तरी निसरड्या बर्फावर तेवढ्यानं भागत नाही. आणि साखळी असली, तरी उतारावर जड गाडी आवरणं कठीणच.

आणखी एक उपाय आपल्याकडे जुनाच आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचण्याआधी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जाई. पावसात काळी जमीन वाट देत नसे, म्हणून तांडे कोरड्या ऋतूत चालत. घाटात बर्फ पडत असेल, तर मुक्काम एक दिवस वाढवावा. उशीर भरून निघतो, माणूस नाही.