लॅपटॉप बंद पडला? घरी बघायचा की दुकानात न्यायचा, असं ठरवा

नाशिक : शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची मुदत उद्या संपतेय आणि आज लॅपटॉप चालूच होत नाही. सुरगाणा, पेठ किंवा नांदगावकडच्या गावातून नाशिकला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाचा रोज दोन्ही गेले. उलट व्हिडिओ बघून घरीच खोलला आणि आतली नाजूक केबल तुटली, तर छोट्या कामाचं मोठं बिल होतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे वाचा.

आधी वॉरंटी बघा
बिलावरची तारीख तपासा. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते कळतं. वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू काढू नका आणि बाहेरच्या दुकानातही देऊ नका. थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती तिथे एकत्र मिळते.

घरी करून बघण्यासारखं
1) अजिबात चालू होत नाही : आधी त्याच बोर्डात मोबाईल चार्जर लावून लाईट आहे का बघा. मग दुसऱ्या चार्जरवर लॅपटॉप लावून बघा. पिन आणि व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. तरीही हलला नाही तर चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून ठेवा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

2) चालू होतो, पण स्क्रीन काळी : अंधारात स्क्रीनवर मोबाईलची टॉर्च तिरकी मारा. पुसट चित्र दिसलं तर स्क्रीनच्या मागचा लाईट गेलाय. घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बिघाड बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा आहे. दुरुस्तीला न्या, पण तोपर्यंत टीव्हीवर फॉर्म भरून घेता येतो.

3) गरम होतो, फॅन ओरडतो : लॅपटॉप बंद करून हवेच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, खालून हवा अडते.

4) फार स्लो चालतो : डिस्क भरली असेल तर नको त्या फाइल काढा. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवल्यावर मोठा फरक पडतो, पण ते काम दुकानातूनच करून घ्या. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. लॅपटॉप विंडोज 11 घेतो का, हेही तेव्हाच विचारा.

इथे हात लावू नका
बॅटरी फुगली, टचपॅड वर आला, तर लगेच वापर बंद करा. बॅटरी दाबू किंवा टोचू नका, पेट घेते. जळका वास आला तरी तेच.
चहा-पाणी सांडलं तर आधी चार्जर काढा, बटण दाबून बंद करा, उलटा धरून पाणी निथळू द्या. 'चालतो का बघू' म्हणून चालू करू नका. तांदळात ठेवून आतलं पाणी निघत नाही. त्याच दिवशी दुकान गाठा.
हार्ड डिस्क कटकट वाजत असेल तर बंद ठेवा. जितका चालवाल तितका डेटा जायची भीती.

दुकानात देताना
लॅपटॉप चालू असेल तर कागदपत्रं, फोटो पेनड्राईव्हमध्ये घ्या आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड सेव्ह असतील तर काढून टाका. पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, बिघाड, अंदाजे खर्च आणि तारीख लिहून घ्या. 'विचारल्याशिवाय पार्ट बदलू नका' असं आधीच सांगा आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. नवीन पार्टची गॅरंटी किती, तेही पावतीवर हवं. नाशिकला जाण्याआधी तालुक्याच्या गावातल्या दुकानात फोनवर भाव विचारा, फेरी वाचू शकते.

हिशोब असा करा
दुरुस्तीच्या खर्चात जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला रोज धरा. एकूण रक्कम तशाच सेकंडहँड लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर थांबून विचार करा. मदरबोर्ड गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर शक्यतो पैसे घालू नका.

फसवणूक झाली तर
ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पण पावती नसेल तर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून पावती जपून ठेवा आणि मोबाईलमध्ये तिचा फोटोही काढून ठेवा.