सीमेपलीकडची गाडी आणि दप्तरातला कागद : अमेरिका-कॅनडामधील मसल कारच्या व्यापाराची गोष्ट

आजचा धागा मोटारींचा आहे. पण इंजिनांच्या गर्जनेपेक्षा तो जकात, चलन आणि दप्तरखाना यांच्याविषयी अधिक आहे.

१९६९ सालच्या दोन शेवरोले शेवेल शेजारी शेजारी उभ्या आहेत अशी कल्पना करा. रंग तोच, बॉनेटवरचे पट्टे तेच, आत ३९६ घनइंचांचे तेच व्ही-८ इंजिन. तरीही एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पुढे जाते. धातूत, रबरात, काचेत फरक नसतो. फरक असतो एका कागदाचा. आणि अमेरिकेच्या या सर्वांत अमेरिकन समजल्या जाणाऱ्या वस्तूच्या अस्सलपणाचा तो कागद पुष्कळदा कॅनडातून आलेला असतो. हे असे का झाले, याची मुळे थेट एकोणिसाव्या शतकातल्या आयातशुल्कापर्यंत जातात.

आधी थोडी व्याख्या. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, सामान्य कुटुंबासाठी बनलेल्या गाडीत बसवलेले मोठ्या गाडीचे अवाढव्य इंजिन. १९६४ मध्ये पाँटियाक कंपनीने आपल्या टेंपेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन घालून 'जीटीओ' विकायला काढली. सर्वसाधारणपणे तिथून या युगाचा आरंभ मानतात. १९७० मध्ये शेवेल एसएस ४५४ च्या एलएस-६ इंजिनाची नोंदलेली शक्ती ४५० अश्वशक्ती होती. तोच कळस, आणि घसरणही तिथूनच. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, १९७३ चे तेलसंकट यांनी अवघ्या दहा वर्षांत हा खेळ आटोपला. प्रकार अल्पायुषी, संख्या मर्यादित, आणि ज्यांनी तारुण्यात या गाड्या नुसत्या पाहिल्या त्यांच्या हाती उतारवयात पैसा आला. जुन्या वस्तूंचा बाजार उभा राहायला याहून अधिक काय लागते?

आता सीमेकडे वळू. १८७९ च्या 'राष्ट्रीय धोरणा'ने कॅनडाने आपल्या उद्योगांभोवती आयातशुल्काची भिंत उभारली. ती ओलांडण्याचा सोपा मार्ग अमेरिकन कंपन्यांना लवकरच सापडला : भिंतीच्या आतच कारखाना काढायचा. डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या पैलतीरावर, वॉकरव्हिल येथे १९०४ मध्ये फोर्डची कॅनेडियन कंपनी स्थापन झाली. ओशावा गावातल्या मॅकलॉक्लिन घराण्याचा घोडागाड्यांचा व्यवसाय ब्यूइकच्या इंजिनांवर चालणाऱ्या मोटारींकडे वळला आणि १९१८ मध्ये तो जनरल मोटर्स ऑफ कॅनडा झाला. (मुंबईकरांना हे ओळखीचे वाटावे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. मात्र स्वतंत्र भारताने नुसती जुळणी नको, निर्मिती हवी असा आग्रह धरला आणि १९५४ च्या सुमारास त्या कंपनीने गाशा गुंडाळला. कॅनडात तिने मुक्काम वाढवला.)

या भिंतीमुळे कॅनडात एक गमतीची संकरित जात जन्माला आली. बाजारपेठ लहान, त्यामुळे अमेरिकेतले प्रत्येक मॉडेल वेगळे बनवणे परवडणारे नव्हते. म्हणून कॅनेडियन पाँटियाक बाहेरून पाँटियाक दिसे, पण तिच्या खाली सांगाडा आणि इंजिन शेवरोलेचे असे. शौकीन तिला थट्टेने 'शेव्हियाक' म्हणतात. पाँटियाकच्या कॅनेडियन विक्रेत्यांना मध्यम आकाराची गाडी हवी होती, अमेरिकन टेंपेस्ट आयात केली तर शुल्काने महाग पडे; तेव्हा शेवेलचेच अंग थोडे बदलून 'बोमाँट' नावाची गाडी घडवण्यात आली. १९६६ ते १९६९ या काळात बोमाँट हे स्वतंत्र नाव होते. तिच्या 'एसडी ३९६' या आवृत्तीत शेवेल एसएसचेच इंजिन असे. अमेरिकेत ही गाडी कधी विकलीच गेली नाही, आणि म्हणूनच आज अमेरिकन संग्राहक तिच्याकडे कुतूहलाने पाहतात. आयातशुल्काने जन्माला घातलेले अपत्य पुढे दुर्मीळ म्हणून नावाजले गेले, हा इतिहासाचा विनोद मला तरी फार आवडतो.

१६ जानेवारी १९६५ रोजी टेक्सासमधील लिंडन जॉन्सन यांच्या रँचवर जॉन्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांनी मोटार उद्योगाच्या करारावर सह्या केल्या. 'ऑटो पॅक्ट' या नावाने तो ओळखला जातो. दोन देशांतील मोटारी व सुटे भाग यांच्यावरील शुल्क त्याने उठवले. बदल्यात कंपन्यांनी कॅनडातील उत्पादनाचे ठरलेले प्रमाण राखायचे होते. परिणाम विलक्षण वेगाने दिसला. १९६४ मध्ये कॅनडात बनलेल्या वाहनांपैकी अवघी सात टक्के दक्षिणेकडे जात होती, १९६८ पर्यंत ते प्रमाण साठ टक्क्यांवर गेले.

इथे एक मेख आहे, आणि पाठ्यपुस्तके ती सहसा वगळतात. कॅनडाच्या बाजूने ही शुल्कमाफी होती ती उत्पादकांना. एखाद्या सामान्य कॅनेडियन नागरिकाने सीमा ओलांडून डेट्रॉइटमध्ये गाडी विकत घेतली, तर परतताना त्याला शुल्क भरावेच लागे. वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवर तर काही अपवाद सोडता बंदीच होती. ती टप्प्याटप्प्याने उठली ती १९८९ च्या मुक्त व्यापार करारानंतर. म्हणजे 'मुक्त व्यापार' कंपनीसाठी पंचवीस वर्षे आधी आला, माणसासाठी नंतर.

आता त्या कागदाकडे येऊ.

साठच्या दशकातल्या शेवरोलेच्या गाडी क्रमांकातून, ज्याला आज आपण व्हीआयएन म्हणतो, फार थोडे कळते. मॉडेल, बांधणीचा प्रकार, साल, कारखाना, अनुक्रमांक आणि इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, एवढेच. १९६६ ते १९६८ या काळात शेवेल एसएसला स्वतंत्र मालिका-क्रमांक होता, '१३८' ने सुरू होणारा. १९६९ पासून मात्र एसएस हे जादा पैसे देऊन घ्यायचे साहित्य झाले, आणि क्रमांक साध्या मालिबूचा आणि एसएसचा एकच. कॅमेरोच्या प्रसिद्ध झेड-२८ चेही तेच. कोणते इंजिन बसवले हे शेवरोलेच्या क्रमांकात उमटू लागले ते १९७२ च्या मॉडेलपासून, म्हणजे मेजवानी संपल्यावर.

साहजिकच बनावटीला मोकळे रान मिळाले. साधी मालिबू घ्यायची, तिला एसएसची चिन्हे, मोठे इंजिन आणि पट्टे चढवायचे, की झाली एसएस. उघडपणे 'क्लोन' म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. पण अस्सल म्हणून विकली तर फसवणूक. १९६८ पासून इंजिनाच्या ठोकळ्यावरही गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असे. दोन्ही क्रमांक जुळले की गाडी 'मॅचिंग नंबर्स' ठरते आणि भाव चढतो. मग हातचलाख मंडळींनी जुना पृष्ठभाग घासून त्यावर हवे ते आकडे नव्याने ठोकण्याची कला साधली. मराठ्यांच्या इतिहासात वतनाच्या तंट्यांत बनावट महजर आणि सनदा पुढे येत, त्याची इथे आठवण व्हावी. जिथे कागदावर मालमत्ता अवलंबून असते तिथे कागद घडवणारा निपजतोच.

अशा वेळी तंटा सुटतो तो तिऱ्हाइताच्या दप्तरातून, ज्या दप्तराला या भांडणात स्वतःचा स्वार्थ नाही. शेवरोलेच्या त्या काळातील गाडीनिहाय नोंदी अमेरिकेत बहुतांशी टिकल्या नाहीत. कॅनडाच्या जनरल मोटर्सने मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नोंदी जपल्या. क्रमांक आणि शुल्क पाठवले की गाडी कोणत्या इंजिनासह, कोणत्या साहित्यासह निघाली आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, याचा उतारा मिळण्याची सोय तिने केली. यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की कसोटी गाडी कुठे बनली ही नव्हे. ती नवी असताना कॅनडात विकली गेली का, ही आहे. ओहायोत बनून ओंटारिओत विकलेल्या कॅमेरोची कुंडली मिळते. ओहायोत बनून ओहायोतच विकलेलीची मिळेलच असे नाही. पेशवे दप्तरात बसून नोंदी चाळणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे पटेल : काय घडले यापेक्षा कुणी लिहून ठेवले यावर आपले ज्ञान अधिक अवलंबून असते. इथे फक्त त्या ज्ञानाला डॉलरमध्ये भाव आला.

त्यामुळे अमेरिकन खरेदीदार उत्तरेकडे वळले. त्यांना दुसरे निमित्त चलनाने दिले. २१ जानेवारी २००२ रोजी कॅनेडियन डॉलर ६१.७९ अमेरिकन सेंटपर्यंत घसरला. त्या दिवशी वीस हजार अमेरिकन डॉलर घेऊन सीमा ओलांडणाऱ्याच्या खिशात सुमारे ३२,३७० कॅनेडियन डॉलर होत होते. ओंटारिओ व क्युबेकमधल्या गाड्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने गंजलेल्या असत. पण सस्कॅचेवान आणि अल्बर्टाच्या कोरड्या हवेत, धान्याच्या कोठारांत झाकून ठेवलेल्या गाड्यांचे पत्रे शाबूत असत. ते दक्षिणेकडे निघाले. पुढे वारे फिरले. सप्टेंबर २००७ मध्ये दोन्ही डॉलर बरोबरीला आले, नोव्हेंबरात कॅनेडियन डॉलर वरचढ ठरला, आणि त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेत आर्थिक कोसळ झाली. आता कॅनेडियन खरेदीदार ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या बिनगंजाच्या गाड्या घेऊन उत्तरेकडे परतू लागले. पाच-सहा वर्षांत प्रवाह उलटला होता.

सीमेवर प्रत्यक्षात काय होते? इथे वयच कामी येते. कॅनडात पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला सुरक्षा-मानकांची अट नाही. अमेरिकेत ही सूट पंचवीस वर्षांनंतर मिळते आणि प्रदूषणाच्या नियमांतून एकवीस वर्षांनंतर, गाडी मूळ रूपात असेल तर. त्यासाठी 'एचएस-७' आणि '३५२०-१' हे दोन अर्ज भरायचे. अमेरिकेतून बाहेर नेताना गाडीची कागदपत्रे सीमाशुल्क खात्याला ७२ तास आधी सादर करावी लागतात, चोरीची गाडी निसटू नये म्हणून. कॅनडात शिरताना विक्रीकर भरावा लागतो, उत्तर अमेरिकेबाहेर बनलेली गाडी असल्यास ६.१ टक्के शुल्कही. आणि गाडीत वातानुकूलन असेल तर आणखी शंभर डॉलर! हा कर इतका विचित्र आहे की प्रथम ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते.

खरा घोळ मात्र मालकीच्या पुराव्याचा. अमेरिकन राज्ये 'टायटल' नावाचे स्वतंत्र मालकीपत्र देतात. कॅनडाच्या प्रांतांत तसे पत्र नसते, नोंदणीपत्रावरच भागते. त्यामुळे ओंटारिओची गाडी नेणाऱ्याला अमेरिकन कारकून जे मागतो ते अस्तित्वातच नसते. उलट न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देत नाही, नोंदणीपत्रच मालकीचा पुरावा धरते, आणि ते समजावून सांगता सांगता विक्रेता मेटाकुटीला येतो. दोन शेजारी देश, एकच भाषा, आणि 'ही गाडी माझी आहे' हे सांगण्याच्या दोन रीती.

भारताचे काय, असा प्रश्न काहींना पडला असेल. आपल्या आयात नियमांत 'विंटेज' म्हणून सवलत दीर्घकाळ होती ती १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांना. १९६४ ची जीटीओ त्या दारातून येऊच शकत नव्हती. म्हणून या बाजारात आपण बराच काळ प्रेक्षक राहिलो.

२०२५ च्या वसंतात अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लादले, तेव्हा या लहानशा व्यापारात मोठी धास्ती पसरली. आदेशात पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या वगळल्या होत्या. नव्या गाड्यांसाठी भिंत पुन्हा उभी राहिली. जुन्या गाड्यांसाठी खिडकी उघडी राहिली. १९६५ च्या नेमके उलट.

ऑटो पॅक्ट स्वतः मात्र हे पाहायला उरला नव्हता. जागतिक व्यापार संघटनेने त्याविरुद्ध निर्णय दिल्यावर २००१ मध्ये तो संपला. त्याने उभारलेली व्यवस्था मात्र टिकली. १९९३ ते २००२ या काळातील सर्व कॅमेरो क्युबेकमधील सँत-तेरेझ येथे बनल्या, २००९ नंतरच्या काही वर्षांतल्या ओशावाला. २००८ पासूनची डॉज चॅलेंजर ओंटारिओतील ब्रॅम्प्टनमध्ये बनली आणि तिथली शेवटची डिसेंबर २०२३ मध्ये कारखान्याबाहेर पडली. त्यांतल्या बहुसंख्य गाड्या नव्या असतानाच सीमा ओलांडून अमेरिकेत गेल्या. पहिल्या तुकडीची पंचवीस वर्षे २०३३ मध्ये भरतील.