डिस्कचं नाव: खोबणीतून पोटात

जुन्या लिनक्सवर डिस्कचं नाव केबल ठरवायची. पहिल्या आयडीई केबलवरची मास्टर डिस्क ‘एचडीए’, स्लेव्ह ‘एचडीबी’. दुसऱ्या केबलची मास्टर ‘एचडीसी’. मधली जागा रिकामी राहिली तरी एचडीसी ती एचडीसीच. पंगतीत प्रत्येकाचा पाट ठरलेला.

स्कझी डिस्कांची रीत निराळी. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतील, त्या क्रमाने ‘एसडीए’, ‘एसडीबी’. पुढे साटा डिस्का आणि पेनड्राइव्हही याच घराण्यात आले, कर्नलच्या २.६ मालिकेत आयडीईवाल्यांनाही ‘लिबएटीए’ने एसडीच्याच रांगेत आणून बसवलं. आता एक जादा डिस्क लावून मशीन सुरू केलं, की कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते आणि कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये लिहिलेला पत्ता भलत्याच दारी नेतो.

उतारा फाइलसिस्टिमच्या पोटातच होता. ईएक्सटी२च्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या माहितीच्या नोंदपानात, लेबलसाठी १६ बाइट राखलेले असतात. रेड हॅटने ते वापरले आणि रूट पार्टिशनला ‘/’ हेच लेबल दिलं. पण घरोघरी एक ‘बाळ’ असतोच. दोन घरं एकत्र आली की हाक कुणाला मारायची? एका मशीनची डिस्क दुसऱ्यात लावली, की ‘/’चे दावेदार दोन.

त्याच सुपरब्लॉकमध्ये, लेबलच्या अगदी अलीकडे, आणखी १६ बाइट होते: यूयूआयडी. ही कल्पना १९८०च्या दशकातल्या अपोलो कॉम्प्युटरची. नेटवर्कवरच्या यंत्रांना कुठल्याही मध्यवर्ती नोंदवहीला न विचारता एकमेव क्रमांक घेता यावा, हा हेतू. त्याच्या एका प्रकारात वेळ मोजतात ती १५ ऑक्टोबर १५८२पासून, म्हणजे ग्रेगरियन पंचांगाच्या पहिल्या दिवसापासून. ईएक्सटी फाइलसिस्टिमला मात्र सहसा यादृच्छिक क्रमांक मिळतो; १२८पैकी १२२ बिट निव्वळ फाशांचे. डिव्हाइसांना नावं देणाऱ्या ‘यूडेव्ह’ने ‘बाय-यूयूआयडी’ डिरेक्टरीत या क्रमांकांच्या पाट्या लावल्या आणि २००६च्या उबुंटू ६.१०ने एफएसटॅबमध्ये तेच लिहायला घेतलं.

छत्तीस अक्षरांचं हे नाव कुणाच्या तोंडी बसणार नाही. ते खोबणीला चिकटलेलं नाही, आतल्या मजकुराबरोबर फिरतं. म्हणून ‘डीडी’ने डिस्कची नक्कल केली की नावाचीही होते. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असा जुळा शेजारी माउंट करायला साफ नकार देते. मग ‘एक्सएफएस_ॲडमिन’ चालवून नकलेचं नव्याने बारसं करावं लागतं.